बाळाचं हृदय मोठं झालेलं नाही

वाचकांचे प्रश्न : मुलांचं आरोग्य

या वेळच्या पत्रांत एकच काळजी पुन्हा पुन्हा दिसली. मुलाचा एक्स-रे किंवा सीटी डॉक्टरांच्या आधी एआयनं वाचला, आता आम्ही काय समजायचं? मी मुलांचेच एक्स-रे वाचणारी रेडिओलॉजिस्ट आहे. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण पुढच्या पत्रांतल्या शंकांची मुळंही तिथेच आहेत.

प्रश्न : डॉक्टरताई, माझा मुलगा सात महिन्यांचा आहे. खोकला आणि बारीक ताप होता म्हणून एका खासगी सेंटरमध्ये त्याच्या छातीचा एक्स-रे काढला. थोड्याच वेळात मोबाइलवर रिपोर्ट आला. हृदयाचा आकार वाढलेला, छातीचा मधला भाग रुंद, असं लिहून त्यावर लाल चौकोन काढला होता. खाली बारीक अक्षरांत ‘एआयद्वारे तयार केलेला अहवाल’. त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी बाळाला तपासलं, फिल्म पाहिली आणि म्हणाले, काही नाही, ही थायमस आहे. यंत्र चुकलं, की डॉक्टर नुसता धीर देतायत? — एक आई, साखळी

उत्तर : ताई, तुम्ही मोबाइलवरून पाठवलेल्या फोटोवर मी निदान करणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी बाळाला हात लावून तपासलं आहे, मूळ फिल्म पाहिली आहे आणि दिलेलं कारण अगदी नेहमीचं आहे. त्यांच्यावर विश्वास ठेवा.

थायमस ही छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेली ग्रंथी. रोगप्रतिकारशक्तीच्या टी पेशी तिथे तयार होतात. तान्ह्या बाळात ती शरीराच्या मानानं चांगलीच मोठी असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते. मोठ्या माणसाच्या एक्स-रेवर ती जवळजवळ दिसतच नाही. बाळाच्या एक्स-रेवर मात्र कधी कधी होडीच्या शिडासारखी एका बाजूला पसरलेली दिसते, आणि आम्ही रेडिओलॉजिस्ट तिला तेच नाव देतो. ज्यानं फक्त मोठ्यांच्या छात्या पाहिल्या आहेत त्याला ती गाठ वाटेल किंवा फुगलेलं हृदय वाटेल.

हृदयाचंही तसंच आहे. मोठ्या माणसात हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीच्या निम्म्यापर्यंत असली तर ठीक मानतात. तान्ह्या बाळात ती ६० टक्क्यांपर्यंत गेली तरी चालते. त्यात मोठ्यांना आपण सांगतो, उभे राहा, श्वास घ्या, रोखून धरा. सात महिन्यांचं बाळ आडवं असतं, रडत असतं, आणि पुष्कळदा बटण दाबलं जातं ते नेमकं श्वास सोडताना. मग फुप्फुसं छोटी आणि हृदय मोठं दिसतं. मी बाळाची फिल्म हातात घेतली की आधी फुप्फुसांवर किती बरगड्या दिसतात ते मोजते आणि हृदयाकडे नंतर वळते. लहान मुलांचे एक्स-रे वाचणाऱ्या कुणालाही विचारा, हीच सवय असेल.

आता यंत्र का गोंधळलं. एआय एक्स-रे वाचायला शिकतं ते हजारो, लाखो जुन्या फिल्म बघून. प्रत्येक फिल्मसोबत तिला काय निदान दिलं होतं तेही त्याला सांगितलेलं असतं. छातीच्या एक्स-रेंचे जे मोठे संग्रह जगभर वापरले गेले, म्हणजे अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा एक लाख बारा हजारांवर फिल्मचा किंवा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा दोन लाख चोवीस हजारांवर फिल्मचा, त्यांत बहुतेक सगळी माणसं मोठी आहेत. अशा संग्रहावर तयार झालेल्या सॉफ्टवेअरसमोर तुमचं बाळ ठेवलं, तर ते बाळाला मोठ्यांच्या मापानं मोजणार. त्याच्याकडे दुसरं माप नाही.

या चुकीचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. २०२० मध्ये कोविड ओळखणारी एक्स-रे सॉफ्टवेअर झपाट्यानं निघाली. कोविडच्या फिल्म होत्या मोठ्या माणसांच्या. ‘कोविड नसलेला न्यूमोनिया’ म्हणून अनेकांनी घेतल्या त्या चीनमधल्या ग्वांगझूच्या एका रुग्णालयातल्या, एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या. आकडे उत्तम आले. प्रत्यक्षात यंत्र शिकलं होतं समोर मूल आहे की मोठा माणूस, एवढंच. केंब्रिजच्या गटानं २०२१ मध्ये अशा अभ्यासांची छाननी केली. निकषांतून उतरलेल्या ६२ पैकी एकही रुग्णांवर वापरण्याजोगा नव्हता.

आणि हे फक्त यंत्राचं नाही, म्हणून मी रागावून बोलत नाही. थायमसच्या बाबतीत माणसांनी हीच चूक केली आहे आणि ती मुलांना फार महागात पडली. जुन्या काळी शवविच्छेदनाला येणारे मृतदेह प्रामुख्यानं गरिबांचे असत, दीर्घ आजारानं आणि उपासमारीनं खंगलेल्यांचे. अशा शरीरात थायमस झिजून जाते. डॉक्टरांनी तीच झिजलेली थायमस ‘नॉर्मल’ धरली. मग अचानक दगावलेल्या धडधाकट बाळांत नेहमीच्या आकाराची थायमस दिसली, तेव्हा ती ‘वाढलेली’ ठरली आणि मृत्यूचं कारणही तीच ठरली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हजारो निरोगी बाळांच्या मानेवर आणि छातीवर ती लहान करण्यासाठी क्ष-किरण सोडले गेले. त्यांतल्या काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. आपण ‘नॉर्मल’ कुणाकडे बघून ठरवलं, हा प्रश्न वेळेवर न विचारल्यानं हे घडलं. म्हणून आज एआयच्या बाबतीत तो प्रश्न मी आधी विचारते, आणि तुम्हीही विचारावा असं मला मनापासून वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२१ मध्ये छातीच्या एक्स-रेवर क्षयरोगाचा संशय ओळखायला अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली, ती १५ वर्षं आणि त्यावरच्या लोकांसाठी. त्याखालच्या मुलांना त्या शिफारशीतून वगळलं. आपल्या गोव्यातही फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी सरकारी पातळीवर एक्स-रे वाचणारं एआय आलं, आणि ते मोठ्यांच्या कामाचं आहे. जिथे माणसं कमी आणि फिल्म ढीगभर, तिथे याचा उपयोग मी नाकारत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी असा रिपोर्ट हातात आला तर सेंटरला दोन गोष्टी विचारा. हे सॉफ्टवेअर किती वयापासूनच्या रुग्णांसाठी आहे? प्रत्येक अधिकृत सॉफ्टवेअरच्या कागदपत्रांत त्याचा वापर कुणासाठी ते लिहिलेलं असतं. आणि दुसरं, या रिपोर्टवर कोणत्या डॉक्टरांची सही आहे? सही नसेल तर तो रिपोर्ट अजून पुरा झालेला नाही, तो घरी पाठवायलाच नको होता. रात्रभर आईबापांना उपाशी ठेवणारा कागद असा सहज मोबाइलवर येतो याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक, कारण पावसात खोकला घरोघरी असतो. खोकल्याच्या बाळात एक्स-रेपेक्षा त्याचा श्वास जास्त सांगतो. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळात मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असले, तर दवाखाना गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळ पीत नसेल तर रात्रीची वेळ बघू नका.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा, फुटबॉल खेळतो. निवड चाचणीच्या वेळी सगळ्या मुलांच्या डाव्या हाताचे एक्स-रे काढले. सॉफ्टवेअरनं याच्या हाडांचं वय १४ वर्षं ७ महिने सांगितलं आणि वय लपवलं म्हणून त्याला बाहेर काढलं. आमच्याकडे त्याचा जन्मदाखला आहे. तो आता शाळेतही मान खाली घालून जातो. एआय चुकू शकतं का? — एक वडील, फोंडा तालुका

उत्तर : एआयनं हाडांचं वय बहुधा बरोबरच वाचलं असेल. चूक त्यापुढे आहे.

हाडांचं वय म्हणजे मनगटातली आणि बोटांतली हाडं किती पिकली आहेत, वाढीच्या कूर्चा (हाडांच्या टोकांजवळचा मऊ थर, जो वाढ संपताना हाड बनतो) किती भरल्या आहेत, याचं वाचन. मुलांच्या इमेजिंगमध्ये एआय जिथे खरोखर चांगलं काम करतं त्यांतलं हे एक. २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेच्या रेडिओलॉजी संस्थेनं एक स्पर्धा घेतली. चौदा हजारांवर हातांच्या फिल्म होत्या आणि पहिल्या आलेल्या सॉफ्टवेअरची सरासरी चूक साधारण चार महिन्यांची होती. पण ही चूक कशाच्या तुलनेत? रेडिओलॉजिस्टनी वाचलेल्या हाडांच्या वयाच्या तुलनेत. मुलांच्या जन्मतारखेच्या तुलनेत नव्हे! यंत्राला जन्मदाखले शिकवलेलेच नाहीत. मग ते जन्मतारीख कशी सांगेल?

रेडिओलॉजिस्ट तरी कशाशी ताडून बघतात? आजही बऱ्याच ठिकाणी ग्रॉयलिश आणि पाइल यांच्या हातांच्या एक्स-रेच्या चित्रसंग्रहाशी. त्याची दुसरी आवृत्ती १९५९ची. त्यातले हात अमेरिकेत क्लीव्हलँडच्या सुखवस्तू गोऱ्या घरांतल्या, १९३०-४० च्या दशकांतल्या मुलांचे आहेत. फोंड्यातल्या मुलाचा हात त्यांच्या हाताशी महिन्याच्या हिशेबानं जुळावा ही अपेक्षाच मला पटत नाही. पुण्यातल्या अभ्यासकांनी भारतीय मुलांच्या हातांवर यंत्राचं आणि माणसाचं वाचन ताडून पाहिलं आहे. असं काम इथे आणखी व्हायला हवं.

आणि मुलं एका वेळी पिकत नाहीत. तेराव्या वर्षी एकाला मिसरूड फुटलेली असते, दुसऱ्याचा आवाजही बदललेला नसतो. या वयात हाडांचं वय खऱ्या वयापेक्षा दोन वर्षांपर्यंत पुढे किंवा मागे असणं सर्वसाधारण मर्यादेत बसतं. तुमच्या मुलाचा फरक त्याच्या आतच आहे. तो लवकर वाढणारा मुलगा आहे. बीसीसीआय १६ वर्षांखालच्या मुलांसाठी हाडांची चाचणी वापरते. फिफा २००९ पासून १७ वर्षांखालच्या स्पर्धांत मनगटाचा एमआरआय वापरते. त्यात मनगटाजवळची वाढीची कूर्चा पूर्ण भरली आहे का, एवढंच बघतात. भरली असेल तर मुलगा १७ च्या आत असण्याची शक्यता फारच कमी. फिल्मवरून वर्षं आणि महिने काढून जन्मदाखला खोटा ठरवणं ही फार वेगळी गोष्ट आहे.

निवड करणाऱ्यांना लेखी पत्र द्या. सोबत जन्मदाखला, जन्म झाला त्या हॉस्पिटलचा डिस्चार्जचा कागद, लसीकरणाचं कार्ड आणि पहिलीत घालतानाची शाळेची नोंद जोडा. लसीकरणाच्या कार्डावर दर खेपेची तारीख असते, त्यामुळे ते मोठं साक्षीदार ठरतं. बालरोगतज्ज्ञांकडून मुलाची वाढ भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या आलेखावर काढून घ्या आणि ‘लवकर वयात येणारा, पण सर्वसाधारण मर्यादेतला’ असं असेल तर तसं पत्र मागा. पण हे सगळं नंतर. आज संध्याकाळी त्याला जवळ बसवून सांगा की एक्स-रेनं तू खोटं बोललास असं म्हटलेलंच नाही. तुझी हाडं लवकर मोठी होतायत, एवढंच त्यात आहे. तेरा वर्षांच्या मुलाला खोटारडा म्हणणं ही गोष्ट मी हलकी धरत नाही.

प्रश्न : आमची नात चार वर्षांची. सोप्यावरून (ओसरीतल्या बैठकीवरून) खाली पडली, कपाळावर टेंगूळ आलं, लगेच रडली. हॉस्पिटलमध्ये चार तास बसवून ठेवलं पण सीटी केला नाही. हल्ली एआयमुळे सीटीला किरणं फार कमी लागतात म्हणे. मग करायला काय हरकत होती? — एक आजोबा, पेडणे

उत्तर : आजोबा, तुमच्या नातीला चांगले डॉक्टर भेटले. चार तास मुलाकडे बघत बसायला सीटी करण्यापेक्षा जास्त धीर लागतो.

२००९ मध्ये अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या ४२ हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांवरचं मूल शुद्धीवर आणि नेहमीसारखं वागत असेल, मधे बेशुद्ध झालं नसेल, उलटी नसेल, डोकं असह्य दुखत नसेल, कवटीच्या तळाला तडा गेल्याची खूण नसेल आणि पडणं पाच फुटांवरून किंवा तसंच जबर नसेल, तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता दोन हजारांत एकाहूनही कमी. सोपो तर गुडघ्याएवढाच उंच असतो.

एआयबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. कमी किरणांत काढलेलं चित्र खरखरीत येतं, ते एआय साफ करतं, म्हणून डोस कमी ठेवता येतो. सीटी लागणाऱ्या मुलासाठी ही फार चांगली गोष्ट. पण गरज नसलेल्या सीटीचा डोस कमी करून भागत नाही, तो शून्यच असायला हवा. युरोपातल्या नऊ देशांत जवळजवळ दहा लाख मुला-तरुणांचा मागोवा घेतलेला अभ्यास २०२३ मध्ये आला. आजकालच्या एका सीटीच्या डोसनंतर दर दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत किरणांमुळे रक्ताच्या कर्करोगाची एक ते दोन जादा प्रकरणं, असा त्यांचा अंदाज. धोका अगदी लहान आहे, गरजेच्या सीटीला त्यासाठी कधीच नाही म्हणू नका. टेंगळासाठी मात्र तो कशाला पत्करायचा?

एआयचं मला सर्वांत कौतुक आहे ते एमआरआयमध्ये, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. एमआरआयला किरणं नसतात, पण मूल बराच वेळ हललं नाही पाहिजे, म्हणून लहान मुलांना भूल द्यावी लागते. एआयच्या मदतीनं कमी मोजमापांतून पूर्ण चित्र उभं करता येतं आणि वेळ घटतो. तान्ह्या बाळाला दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, त्याच्या झोपेतच तपासणी उरकता येते. भुलेशिवाय एमआरआय झालेलं प्रत्येक मूल मला या तंत्राचं खरं यश वाटतं.

प्रश्न : माझ्या मुलीच्या मेंदूच्या एमआरआयसाठी आम्ही गोव्यात येतो. तिथे एका फॉर्मवर सही मागितली, की तिची चित्रं एआयच्या संशोधनाला वापरू द्याल का. नवरा नको म्हणतो. ती नऊ वर्षांची आहे. काय करू? — एक वाचक, दोडामार्ग

उत्तर : नीट उत्तरं मिळाली तर सही करा, असं मी म्हणेन. वरच्या पहिल्या दोन पत्रांचं दुखणं हेच आहे की यंत्रांनी आपली मुलं पाहिलेली नाहीत. ती कुणीतरी दाखवल्याशिवाय दिसणार नाहीत.

पण आधी विचारा. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आहे का? चित्रं रुग्णालयाबाहेर कुणाला, कोणत्या कंपनीला जाणार? नाव काढणार म्हणजे नेमकं काय काढणार? एमआरआयच्या फाइलच्या पोटात नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक लपलेले असतात, पडद्यावर न दिसले तरी. शिवाय डोक्याच्या एमआरआयवरून चेहऱ्याचा आकार पुन्हा उभा करता येतो, म्हणून चेहऱ्याचा भाग पुसून मगच चित्र देणार का, हे तुम्ही खास विचारायला हवं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती घेण्याची अट त्यात आहे. सही नाही केली म्हणून उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये. पडतोय असं वाटलं तर सही करूच नका.

आणि मुलीलाही विचारा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांनुसार सात वर्षांवरच्या मुलाची संशोधनासाठी तोंडी का होईना, स्वतःची संमती घ्यायची असते. नऊ वर्षांच्या मुलीला कळतं. ती नको म्हणाली तर ते नको माना, नवऱ्याशी वाद घालत बसू नका.

प्रश्न : मुलाच्या एक्स-रेचा फोटो चॅटबॉटला टाकून विचारलं तर चालेल का? — एक मावशी, वाळपई

उत्तर : फोटो नको. मूळ एक्स-रेत करड्या रंगाच्या हजारो छटा असतात. खिडकीशी धरून काढलेल्या मोबाइलच्या फोटोत त्यांतल्या बहुतेक मरतात, आणि केसाएवढा तडा नेमका तिथेच लपतो. वर फिल्मवरचं मुलाचं नाव आणि वय कुठे जाऊन पडलं ते तुम्हाला कळणारही नाही. डॉक्टरांनी सही केलेल्या रिपोर्टमधला एखादा शब्द समजला नाही, तर नाव न देता तेवढा शब्द विचारायला हरकत नाही. बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर सेंटरकडून सीडी किंवा मूळ चित्रांची लिंक मागून घ्या, आणि आधीचे एक्स-रे असतील तर तेही सोबत न्या. दोन फिल्म शेजारी ठेवल्या की पुष्कळ शंका तिथल्या तिथे सुटतात.